एका मांडवात चार घटिकापात्रं

त्या स्टुडिओत पाऊल टाकल्याबरोबर मालकानं मला घड्याळ दाखवलं. मला बोलावलं होतं ते एक रेकॉर्डिंग ऐकायला. पण आधी घड्याळ. रॅकमध्ये बरोब्बर डोळ्यांच्या उंचीला बसवलेलं, समोर निळे आकडे, पोटात रुबिडियम. "सर, हे जोडलं आणि आवाज उघडला," तो म्हणाला. "खालचे सूर घट्ट झाले, मधे हवा आली." किंमत त्यानं दोनदा सांगितली. तेवढ्यात गावाकडे दोन खोल्या बांधून होतात.

मग त्यानं रेकॉर्डिंग लावलं. मावळातल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या. खरखरीत, खालच्या पट्टीतला आवाज, खाली दगडाची घरघर, आणि त्या घरघरीवर टेकून लांबवलेला प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर. आणि त्या स्वरात दर अर्ध्या सेकंदाला एक टिक. टिक. टिक. टिक.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कुठं काय?" तो म्हणाला.

अणूच्या थरथरीतून आलेली 'हवा' ज्या कानांना ऐकू आली, त्याच कानांना ही टिक ऐकू येत नव्हती! हे एका माणसाचं बहिरेपण असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण मुंबई-पुण्यात मी असे दहा स्टुडिओ पाहिले आहेत. तिथे डिजिटल घड्याळाच्या नावानं एक कर्मकांड उभं राहिलंय. त्यात यजमान आहेत, दक्षिणा आहे, मंत्र आहेत. फक्त ज्यासाठी हे सगळं करायचं ते काम तेवढं राहून जातं.

काम साधं आहे. डिजिटल ध्वनिमुद्रण म्हणजे मोजणी. माइकमधून येणाऱ्या विजेची पातळी सेकंदाला ४८,००० वेळा मोजायची आणि दर वेळी एक आकडा, म्हणजे एक सँपल, लिहून ठेवायचा. दोन मोजण्यांमध्ये २०.८३ मायक्रोसेकंद. 'आता मोज' हा ठोका देणारं घड्याळ प्रत्येक यंत्राच्या पोटात असतंच. क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक. यंत्र एकटंच असेल तर प्रश्नच नाही. दोन यंत्रं एकमेकांना आकडे देऊ-घेऊ लागली की प्रश्न सुरू होतो. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग, कमी किंवा जास्त. एकाचं वीसनं पुढे आणि दुसऱ्याचं वीसनं मागे असलं तर फरक चाळीस भागांचा. ऐकायला किरकोळ वाटतो ना? ४८,००० ला चाळीस भाग म्हणजे सेकंदाला १.९२ सँपल. देणारा जास्त देतोय, घेणाऱ्याला तेवढे घेता येत नाहीत, म्हणून साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक सँपल गळतो. उलट असलं तर एक सँपल दोनदा वाजतो. आजींच्या स्वरातली टिक हीच.

यावरचा उपाय आपल्या आजा-पणजांना ठाऊक होता. लग्नात पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. हे घटिकापात्र. पाणी हळूहळू आत शिरे, चोवीस मिनिटांनी वाटी बुडे, घटका भरे. भटजी, दोन्हीकडचे मामा, वाजंत्री, अक्षता घेऊन उभी असलेली मंडळी, सगळ्यांचं लक्ष त्या एका वाटीकडे. आता समजा, तांबटानं भोक जरा मोठं पाडलं आणि घटका तेवीसच मिनिटांत भरली. बिघडलं काय? अंतरपाट तरीही एकाच क्षणी दूर होणार, अक्षता एकाच क्षणी पडणार. वाटी चुकली, लग्न चुकलं नाही. याउलट मांडवात चार वाट्या ठेवा, चारही शास्त्रशुद्ध, काशीहून आणलेल्या. भटजी पहिलीकडे बघतोय, वाजंत्रीवाला तिसरीकडे. बघा काय तमाशा होतो ते.

डिजिटल यंत्रांचं जुळवणं म्हणजे एवढंच. एक यंत्र ठोका देणार, बाकीची स्वतःचा ठोका सोडून त्याचा धरणार. त्यासाठी 'वर्ड क्लॉक' नावाची चौकोनी लहर एका साध्या तारेतून फिरवतात. दर सँपलला एक लहर. किंवा जी तार आवाजाचे आकडे नेते तिच्यातच ठोका मिसळलेला असतो, तिथून तो उचलायचा. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीनं यासाठी एईएस-११ नावाचं मानकच करून ठेवलंय. सेटिंग बदलायला दोन बटणं दाबावी लागतात.

मुंबईनं दोन घड्याळांचा हा प्रयोग अख्ख्या शहरावर करून पाहिला आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. 'बॉम्बे टाइम' सोडायला शहर तयार नव्हतं, त्यामुळे कितीतरी वर्षं रेल्वे एका वेळेवर आणि महापालिका दुसऱ्या वेळेवर चालत होती. त्यात निदान अस्मितेचा तरी प्रश्न होता. माइकचा आवाज वाढवणारा प्रीअँप आणि तो कॉम्प्युटरला देणारा इंटरफेस, यांच्यात कसली अस्मिता?

जुळवणी केली नाही तर काय होतं त्याचा आणखी एक नमुना सांगतो. पुण्यातली एक खासगी मैफल. आयोजकांनी दोन रेकॉर्डर लावले, एक गायिकेसमोर, एक तबल्याशी. दोघांमध्ये एक तार जोडायची सोय होती, जोडली नाही. "नंतर कॉम्प्युटरवर जुळवू." दोन तासांच्या दोन फायली माझ्याकडे आल्या. सुरुवातीची टाळी जुळवली, सुरू केलं. फरक दहा लाखांत तीस भाग. अर्ध्या मिनिटात एक मिलिसेकंद सरकला. तबला दोन्ही माइकांत येत होताच, त्यामुळे बायाँ पोकळ होत गेला, जणू कोणीतरी त्याच्या तोंडावर नळी धरून ती हळूहळू लांब करतंय. विलंबित संपेपर्यंत प्रतिध्वनी स्पष्ट झाला. मैफलीच्या शेवटी फरक २१६ मिलिसेकंदांवर गेला. द्रुत तीनताल मिनिटाला २८० मात्रांच्या घरात चालला होता, म्हणजे एक मात्रा २१४ मिलिसेकंदांची. तबलजीची सम गायिकेच्या दुसऱ्या मात्रेवर पडत होती. ज्या माणसानं तीस वर्षं समेवर यायची साधना केली, त्याला दोन बिनडोक स्फटिकांनी मात्राभर चुकवलं!

"ताणून घ्या ना एक फाइल." घेतली. पण स्फटिक तापमानाबरोबर बदलतो. एक रेकॉर्डर रंगमंचावरच्या दिव्यांखाली तापत होता, दुसरा सतरंजीवर गार. म्हणून फरकही सरळ रेषेत वाढत नव्हता. मधेच जोरात, मधेच मंद. दोन तासांचं गाणं मला तुकड्या-तुकड्यानं ओढून जुळवावं लागलं, चार दिवस. वरातीमागून घोडं नाचवायचं तर घोड्यालाही त्रास आणि वरातीलाही. एक तार! दीड मीटरची!

आता या आघाडीच्या दुसऱ्या टोकाला या. जिथे तार जोडायची तिथे ती जोडत नाहीत, आणि जिथे काहीच गरज नाही तिथे लाखो रुपये ओततात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एकच इंटरफेस, एकच कॉम्प्युटर, जुळवायला दुसरं यंत्रच नाही, आणि त्याला बाहेरून 'मास्टर क्लॉक'. कशासाठी? तर आवाज सुधारतो म्हणून.

या दाव्याचा नीट समाचार घेऊ, कारण तो विज्ञानाची झूल पांघरून येतो.

रुबिडियमच्या घड्याळाची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. रुबिडियम-८७ च्या अणूची ती विशिष्ट लहर सेकंदाला सुमारे ६८३ कोटी वेळा हेलकावते आणि महिनोन् महिने ढळत नाही. इस्रोच्या नाविक उपग्रहांमध्ये अशी घड्याळं आहेत, आणि ती तिथे हवीतच. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळ नॅनोसेकंदानं चुकलं की जमिनीवरचं अंतर हातभर चुकतं. आता हे घड्याळ तुम्ही हार्मोनियमच्या रेकॉर्डिंगला लावलंत. काय मिळालं? सूर अचूक झाला? साध्या स्फटिकाची वीस भागांची चूक सुरात किती होते, मोजून पाहा. ८१/८० हे ज्या प्रमाणश्रुतीचं गुणोत्तर मानतात, तिच्या सहाशेव्या भागाहूनही कमी. बावीस श्रुतींवर आयुष्य काढलेल्या बुजुर्गांनीसुद्धा श्रुतीचे सहाशे तुकडे ऐकल्याचा दावा केला नाही. तो दावा करायला क्रेडिट कार्ड लागतं.

"सुराचं नाही हो," ते म्हणतात, "जिटरचं बोलतोय." बोला. जिटर म्हणजे ठोक्यांमधली अगदी क्षणिक थरथर: हा ठोका कणभर लवकर, पुढचा कणभर उशिरा. जिटर खरा आहे, त्यानं आवाज बिघडतो हेही खरं. पण रुबिडियमची ताकद दीर्घकाळ न ढळण्यात आहे. क्षणोक्षणीचा ठोका त्या पेटीतसुद्धा एक क्वार्ट्झचा स्फटिकच देतो. अणू त्याला सावकाश वळणावर आणत राहतो. तुम्ही पैसे मोजले अणूचे आणि ऐकताय स्फटिक. हा वदतोव्याघात पेटीवर छापलेला नसतो, म्हणून मी इथे छापतोय.

पुढची गंमत त्याच पेटीच्या मागच्या बाजूला आहे. तिथून निघतो १० मेगाहर्ट्झचा संकेत. हा आकडा आला प्रयोगशाळांमधून आणि दूरसंचारातून. ध्वनिमुद्रणाची यंत्रं आतून चालतात २२.५७९२ किंवा २४.५७६ मेगाहर्ट्झवर, कारण पहिला आकडा ४४,१०० च्या बरोब्बर ५१२ पट आहे आणि दुसरा ४८,००० च्या. एक कोटीला ४४,१०० नं भागा: २२६.७५ आणि वर शेपूट. ४८,००० नं भागा: २०८.३३, पुन्हा शेपूट. सरळ भाग जातच नाही. म्हणजे तो महागडा ठोका आत शिरल्यावर यंत्राला त्यावरून दुसरा ठोका नव्यानं घडवावाच लागतो, आणि तो घडवणारं सर्किट, फेज-लॉक्ड लूप, स्वतःची थरथर त्यात मिसळतं. जिटर कमी करायला निघालेल्या माणसानं जिटरचा एक नवा उगम विकत आणला!

इथेच मूळ मुद्दा सापडतो. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या यंत्रात, स्फटिक मोजणीच्या चिपपासून काही सेंटिमीटरवर असतो. बनवणाऱ्यानं तो तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. बाहेरचा ठोका तारेतून, जोडण्यांतून, आवाजी वीजपुरवठ्यातून फिरून येतो आणि मग त्या लूपमधून गाळला जातो. तो घरच्या ठोक्याहून शुद्ध कसा होईल? विहीर परसात आहे आणि हे टँकर मागवतायत. ब्रिटनच्या 'साउंड ऑन साउंड' मासिकात ह्यू रॉबजॉन्स यांनी २०१० साली हे मोजूनच दाखवलं. वेगवेगळे कन्व्हर्टर घेतले, त्यांना निरनिराळी बाहेरची घड्याळं जोडली आणि आकडे काढले. घरच्या स्फटिकावर सगळे उत्तम चालत होते. बाहेरच्या घड्याळावर फार तर तितकेच, बहुधा थोडे वाईट. इतकी वर्षं हे छापून पडलंय. वाचायला वेळ नाही. ईएमआय भरायला आहे.

कानाचंही मोजमाप झालेलं आहे. डॉल्बीच्या बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ मध्ये जिटर किती झाला की कळतो ते तपासलं. मुद्दाम निवडलेल्या शुद्ध स्वरांवर सगळ्यात वाईट परिस्थितीत सुमारे १० नॅनोसेकंद, संगीतावर २० आणि त्याहून जास्त. २००५ मध्ये जपानमधल्या अशिहारा आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या श्रोत्यांना, त्यांच्या आवडत्या संगीतावर, यादृच्छिक जिटर ऐकवला. उंबरठा निघाला काही शे नॅनोसेकंदांचा. आणि हिशोबानं पाहिलं तर? १० किलोहर्ट्झच्या पूर्ण ताकदीच्या स्वराला एक नॅनोसेकंदाचा जिटर असला तर त्याची घाण मूळ स्वराच्या ८४ डेसिबल खाली बसते. शंभर पिकोसेकंदांचा असला तर १०४ डेसिबल खाली. आजचा बरा इंटरफेस स्वतःच्या स्फटिकावर या शंभर पिकोसेकंदांहून वाईट वागत नाही. तुमच्या स्टुडिओतला पंखा त्याच्या कितीतरी वर घोंघावतोय. पंखा बंद करा. त्यानं हवा जाईल, पण आवाजात येईल.

आणि या मंडळींच्या घरी गेलात तर दिवाणखान्यात काय दिसतं? ग्रामोफोनची तबकडी! पहिल्या मानाच्या जागी. 'ॲनालॉगची ऊब' म्हणत तासन् तास ऐकतात. मीही ऐकतो, मला फार आवडतं. पण बाबा रे, उत्तम तबकडी-यंत्राच्या वेगातली डुगडुग ०.०५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे दहा लाखांत पाचशे भाग, आणि तीही सतत मागेपुढे. तबकडीचं भोक जरा केंद्राबाहेर पडलं की त्याच्या कित्येक पट. या डुगडुगीत तुला ऊब वाटते, आणि स्फटिकातल्या पिकोसेकंदांनी झोप उडते? दोन्ही एकाच कानानं, एकाच संध्याकाळी? मग दोघांतलं एक ढोंग आहे. कुठलं, ते त्यानंच ठरवावं.

तारांचं वेड तर वैद्यानंच पाहावं असं. 'सगळ्या यंत्रांना जाणाऱ्या क्लॉकच्या तारा समान लांबीच्या हव्यात.' एका गृहस्थानं शेजारच्या यंत्रासाठी दहा मीटर तारेचं भेंडोळं करून ठेवलं होतं, का, तर पलीकडच्या खोलीला दहा मीटर लागली म्हणून. तारेत संकेत मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद घेतो. दहा मीटरला पन्नास. तेवढ्यात आवाज हवेत किती जातो? १७ मायक्रॉन. डोक्याचा केस त्याहून जाड असतो. गायिका तान घेताना मान हातभर हलवते, ते चालतं. संवादिनीवाला पाय मोडून बसण्याची जागा बदलतो, ते चालतं. पण केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतरासाठी भेंडोळं!

आणि त्याच भेंडोळ्याच्या टोकाला टर्मिनेटर नव्हता. हे मी स्वतः पाहिलं. वर्ड क्लॉकची तार ७५ ओहमची, आणि ओळीतल्या शेवटच्या यंत्रापाशी ७५ ओहमचा एक रोध लावायचा असतो, नाहीतर लहर टोकाला आपटून उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लहरीत मिसळते. ठोका कुठे सुरू झाला हेच मग घेणाऱ्या यंत्राला नीट कळत नाही. दोन ठिकाणी रोध लावला तर संकेत इतका खचतो की काही यंत्रं तो ओळखतच नाहीत. नियम एक ओळीचा: टोकाला एक, मधे शून्य. हा रोध शे-दोनशे रुपयांत लॅमिंग्टन रोडला मिळतो. त्याऐवजी मी काय काय पाहिलं! ५० ओहमची तार, कारण तिचं तोंड ७५ सारखंच दिसतं. तीन टी-कनेक्टर एकात एक खोचलेले. एका यंत्राच्या आतला रोध चालू असताना बाहेरून दुसरा. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण सपाट करायला यांनी परदेशातून रोलर मागवलाय.

टाइमकोडवाल्यांचा समाचार थोडक्यात घेतो, कारण त्यांचा गोंधळ निदान प्रामाणिक अज्ञानाचा आहे. चित्रीकरणात कॅमेऱ्यावर आणि रेकॉर्डरवर छोट्या डब्या लावतात, दोन्हीकडे तास-मिनिट-सेकंद-फ्रेम एकच दिसतं, आणि सगळे खूश: 'सिंक झालं.' अर्धंच झालं. टाइमकोड म्हणजे रेल्वेच्या तिकिटावरचा डबा आणि आसन क्रमांक. कुठे बसायचं ते त्यावरून कळतं. गाडी कोणत्या वेगानं धावतेय ते नाही. वेग ठरवतो सँपलचा ठोका. डब्यांनी आरंभ जुळवला, पण एकाच दमात तासभर चाललेल्या मुलाखतीत दोन स्फटिक चाळीस भागांनी दुरावले तर शेवटी १४४ मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे आपल्या २५ फ्रेमच्या हिशोबात साडेतीन फ्रेमहून जास्त. ओठ आधी, शब्द नंतर. त्यातही कहर म्हणजे आपल्याकडे २५ चं चलन असताना रेकॉर्डर अमेरिकेच्या २९.९७ ड्रॉप-फ्रेमवर तसाच ठेवून द्यायचा. ती पद्धत तासाला १०८ फ्रेम-क्रमांक वगळते. त्यांच्या रंगीत टीव्हीच्या विचित्र वेगासाठी केलेली ती तजवीज. ते त्यांचं क्षयतिथीचं गणित आहे, त्यांच्या पंचांगापुरतं. आपण का पाळायचं?

आणि ४४.१ की ४८ हे न बघता फाइल उघडणारे? ४८ ची फाइल ४४.१ च्या ठोक्यावर वाजवली की तासाला पाच मिनिटं अठरा सेकंद लांबते आणि सूर जवळजवळ दीड स्वर-पट्टीनं उतरतो. काळी एकचं गाणं पांढरी एकच्याही खाली जातं. ही चूक मी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकली आहे. गायिकेचा आवाज जाड, तंबोरा मेल्यासारखा. दोन दिग्गजांनी त्यावर 'किती गंभीर लगाव' असं कौतुक केलं.

४४.१ ची कुळकथा मात्र या सगळ्या घमेंडखोरांनी पाठ करावी. सत्तरच्या दशकात डिजिटल आवाज साठवायला पुरेशी जागा होती ती व्हिडिओ टेपवर, म्हणून टीव्हीच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन-तीन सँपल बसवले. अमेरिका-जपानच्या पद्धतीत वापरण्याजोग्या ओळी २४५, सेकंदाला ६० क्षेत्रं: ३ × २४५ × ६० = ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, ५० क्षेत्रं: ३ × २९४ × ५० = ४४,१००. दोन्हीकडे एकच आकडा बसला, म्हणून तो ठरला, आणि १९८२ मध्ये तो सीडीत बसून जगभर गेला. तो आकडा कोणाला स्वप्नात दिसला नव्हता. टीव्हीच्या ओळी मोजून, दोन खंडांना चालेल असा काढलेला तो व्यवहारी तोडगा होता. सगळ्यांनी मान्य केला म्हणून चाळीस वर्षं जगाचं संगीत त्यावर चाललं.

यंत्रांना हे कळतं. आज जाळ्यावरून आवाज नेणाऱ्या डान्टे किंवा एईएस-६७ सारख्या व्यवस्थांमध्ये पीटीपी नावाचा नियम आहे. त्यात यंत्रं एकमेकांना आपली घड्याळाची पात्रता सांगतात, काही सेकंदांत एकाला पुढारी ठरवतात, तो बंद पडला तर लगेच दुसरा ठरवतात, आणि बाकीची मुकाट त्याच्या मागे चालतात. इतका शहाणपणा त्या सिलिकॉनमध्ये भरून ठेवलेला आहे. मधे माणूस बोट घालतो, मेनूत जातो, आणि प्रत्येक यंत्राला 'तूच मालक' असं सांगून येतो.

बरोबर तेच त्या स्टुडिओत झालं होतं. आजी बसल्या होत्या त्या खोलीत आठ माइकांचा प्रीअँप, तो ऑप्टिकल तारेनं बाहेरच्या इंटरफेसला जोडलेला. प्रीअँप 'इंटर्नल' वर. इंटरफेस 'इंटर्नल' वर. आणि ती रुबिडियमची पेटी? तिची तार इंटरफेसच्या मागे व्यवस्थित खोचलेली होती, चांदीचा मुलामा दिलेली. पण इंटरफेसला 'बाहेरचा ठोका घे' असं कोणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर ती पेटी ठोका देत होती आणि स्टुडिओतलं एकही यंत्र तिच्याकडे बघत नव्हतं. उघडलेला आवाज, घट्ट झालेले सूर, आलेली हवा, हे सगळं जोडलेलंच नसलेल्या घड्याळामुळे! मी मेनूत जाऊन इंटरफेसला ऑप्टिकलचा ठोका धरायला लावला. पुढच्या रेकॉर्डिंगमधली टिक थांबली. मालक म्हणाला, "नवी तार घेतली तेव्हाच म्हणालो होतो मी."

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. या बायकांनी जे कोणाला सांगता येत नव्हतं ते पहाटे दगडाला सांगितलं. गावात गिरणी आल्यावर जातं थांबलं, आणि जात्याबरोबर गाणंही. आता ज्यांना त्या ओव्या दळतानाच्या श्वासासकट येतात अशा आजी मोजक्याच उरल्या आहेत. त्यांच्यापैकी एक सत्तर किलोमीटर प्रवास करून, घरचं जातं टेम्पोत घालून, त्या स्टुडिओत आल्या आणि चाळीस मिनिटं गायल्या.

चाळीस मिनिटांत साडेचार हजारांवर टिका. सॉफ्टवेअरनं बऱ्याच काढल्या. उरलेल्या मी हातानं काढायला बसलो, एकेक लहर मोठी करून, तीन रात्री. लांबवलेल्या स्वरांमधल्या निघाल्या. पण काही टिका 'ट' आणि 'क' च्या उच्चारावरच पडल्या होत्या, काही दातांच्या फटीतून सुटणाऱ्या श्वासावर, काही जात्याच्या खुंट्याच्या आवाजावर. तिथे टिक कुठे संपते आणि आजी कुठे सुरू होतात हे मला ओळखता आलं नाही. त्या तशाच ठेवल्या. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणून मालक पावसाळ्यानंतर गावी गेला, या वेळी सगळी सेटिंग लिहून घेऊन. आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्याला त्यांनी ओळखलं, चहा करायला सुनेला सांगितलं, पण दोन शब्दांपुढे श्वास पुरत नव्हता.